नसीमआपांची बसलेली बाई

सत्कारात मिळालेल्या शालींचं पुढे काय होतं, या विषयावर आपल्याकडे फारसं कुणी लिहिलेलं नाही. माझ्या स्वतःच्या तीन शाली कपाटात डांबराच्या गोळ्यांसह पडून आहेत. नसीम तांबोळी यांच्या शेडमध्ये मात्र मी शाली कामाला लागलेल्या पाहिल्या. ओल्या मातीच्या अर्धवट मूर्ती एकदम सुकून तडकू नयेत म्हणून त्यांच्यावर या शाली भिजवून, पिळून पांघरलेल्या असत. एका सांस्कृतिक मंडळाची शाल म्हशीच्या पाठीवर, जिल्हा पातळीवरच्या कुठल्याशा पुरस्काराची शाल एका बिनडोक्याच्या बाईच्या खांद्यांवर. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी विचारलं, "याला गोणपाट वापरतात ना?"

"गोणपाट चांगलं," त्या म्हणाल्या. "पण गोणपाट कुणी देत नाही." मग एक शाल चिमटीत धरून त्यांनी मला दाखवली. "पूर्वीच्या बऱ्या होत्या. हल्लीच्या पाणी धरत नाहीत."

त्यांना जाऊन आता दोन वर्षं होतील. नगरच्या लोकांना त्यांची ओळख करून देणं अवघड होतं. मातीचं काम करणारे आपल्याला दोन प्रकारचे ठाऊक असतात, माठ करणारे आणि गणपती करणारे. शिल्पकार म्हटलं की चौकातला घोडा आणि घोड्यावरचा माणूस डोळ्यांपुढे येतो. नसीमआपा यांतलं काहीच करत नसत. त्या मातीच्या बाया, म्हशी, शेळ्या, झाकणांची मोठाली भांडी करत आणि भट्टीत भाजत. सूत्रसंचालक मंडळी मग "मातीच्या कलात्मक वस्तू बनवणाऱ्या" असं काहीतरी म्हणून वेळ मारून नेत. मुसलमान बाई माणसांच्या मूर्ती कशा करते, असं दोन्हीकडचे लोक विचारत. त्यांचं उत्तर दोन्हीकडे एकच होतं: "ही बाई एसटीची वाट बघते आहे. तिची पूजा कोण करणार?"

त्या बावीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवत होत्या. मग मुदतीआधी निवृत्ती घेऊन सुप्याच्या फाट्यावरून पारनेरकडे जाणाऱ्या रस्त्याला थोडं आत त्यांनी पत्र्याची शेड घातली आणि स्वतःच्या हातांनी विटांची भट्टी बांधली. लग्न केलेलं नव्हतं. मुंबईला एक धाकटी बहीण होती. उंची बेताची, दंड पैलवानाचे, ओढणी कमरेला बांधलेली आणि चष्म्याच्या काचांवर कायम मातीचे शिंतोडे. ते पुसायच्या नाहीत. "दिसतं तेवढं पुरतं," म्हणायच्या.

माझा संबंध आला तो माझ्या एका वाईट सवयीमुळे. कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झाल्यापासून शहरातली निम्मी मानपत्रं माझ्या हातून लिहून होतात. त्यामुळे नगरच्या एका सभागृहात आपांचं प्रदर्शन ठरलं, तेव्हा पुस्तिकेचा मजकूर माझ्याकडेच आला. मी चार पानं लिहिली. त्यांत पंचमहाभूतं होती, सृजनाचा आदिम हुंकार होता, मृण्मयातून चिन्मयाकडे जाणारा एक प्रवासही होता. आपांनी ती पानं उभ्याउभ्याच वाचली. चारही पानांवर त्यांच्या अंगठ्याचा चिखल उमटला.

"सर," त्या म्हणाल्या, "यात माझं काय आहे?"

मी म्हणालो, "हे सगळं तुमच्या कामाबद्दलच आहे."

"हे रांगोळीबद्दलही चाललं असतं."

खरंच चाललं असतं. खरं तर त्यातलं एक पान मी दोन वर्षांपूर्वी एका रांगोळी प्रदर्शनासाठीच वापरलेलं होतं. शेवटी त्यांनी माझ्याच पेनाने पानाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तीन वाक्यं लिहिली आणि पुस्तिकेत तेवढीच छापली गेली: "ही माती पारनेर तालुक्यातली आहे. पूर्ण भाजलेली आहे. हात लावून बघा." तिसऱ्या वाक्यावर सभागृहाच्या व्यवस्थापकांचा आक्षेप होता, कारण त्यांच्याकडे "कृपया हात लावू नये" अशा पाट्या तयार होत्या. आपांनी त्या गोळा करून टेबलाखाली ठेवल्या. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी फीत कापली, नारळ फोडला, भाषण केलं आणि एकाही वस्तूला हात न लावता ते निघून गेले. दुपारी भाजीबाजारातून परतणाऱ्या दोन म्हाताऱ्या आत आल्या आणि अर्धा तास एका मातीच्या शेळीचे कान चाचपत राहिल्या. प्रदर्शन कसं झालं असं कुणी विचारलं की आपा त्या दोन म्हाताऱ्यांबद्दल सांगायच्या.

कामाचं मोजमाप करायला त्यांच्याकडे दोनच शेरे होते. एखादी गोष्ट जमली नसेल तर "अजून माती आहे." जमली असेल तर "बरं." यापुढची पायरी मी तरी ऐकली नाही. आणि भट्टीत जाणारी प्रत्येक वस्तू त्या आधी गालाला लावून बघत. आत ओल असली की माती गार लागते, कोरडी झाली की लागत नाही. भट्टी भरायच्या दिवशी त्यांचा उजवा गाल पांढुरका झालेला असे.

त्यांच्या शिबिरांना पुण्यामुंबईची माणसं येत. त्यांतल्या पुष्कळांना मातीशी संवाद साधायचा असे. आपा त्यांना पहिला दीड दिवस माती तुडवायला लावत. हिंजवडीच्या कुठल्याशा कंपनीतून आलेला एक गृहस्थ पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तुडवताना म्हणाला, "आपा, अगदी ध्यानासारखं वाटतंय. मी मातीला काय सांगू?"

"काही सांगू नका. खडे लागतील ते काढून टाका."

शिबिराचा एकच नियम होता आणि त्यावरून दर वेळी रडारड व्हायची. चार दिवसांत माणसाने कितीही वस्तू कराव्यात, भट्टीत प्रत्येकाची एकच जाईल. उरलेल्या सगळ्या दाराजवळच्या हौदात. हौदात टाकलेली कच्ची वाटी मिनिटाभरात बसते आणि तिची पुन्हा माती होते. भाजलेलीची मात्र कधीच होत नाही. म्हणून भाजण्याआधी नीट ठरवा, असं त्यांचं म्हणणं. सुती साडीतल्या एका बाईंनी नऊ वाट्या केल्या होत्या. आठवी हौदात जाताना त्यांना हुंदका फुटला.

"फोटो काढलात ना?" आपांनी विचारलं.

"काढला."

"मग झालं की. वाटीत तुम्ही काय खाणार होता?"

हा नियम त्यांनी स्वतःलाही लावलेला होता आणि त्यांचा हौद शिबिरार्थींच्या हौदापेक्षा मोठा होता. त्यात काय काय गेलं ते मी पाहिलेलं आहे. मात्र एक मूर्ती अशी होती जी दर वेळी त्यांच्या मनाविरुद्ध हातची जाई. पारनेरच्या स्टँडवर एसटीची वाट पाहत बसलेली बाई, अंगाने खऱ्या बाईएवढी, एकसंध. मोठी मूर्ती तुकड्यांत करून जोडणं सोपं असतं, पण आपांना ती सांध्याशिवाय हवी होती. पंधरा वर्षांत तीन वेळा प्रयत्न झाला होता. पहिली सुकताना तडकली. दुसरी स्वतःच्या वजनाने खाली बसत गेली. तिसरी भट्टीत फाटली. मधल्या काळात आपांची मनगटं गेली. नगरच्या डॉक्टरांनी मळणं, तुडवणं, उचलणं बंद करायला सांगितलं. आपांनी तुडवणं तेवढं बंद केलं.

"मनगटात अजून एक बाई आहे," त्या मला म्हणाल्या होत्या. "दुसरी नाही."

ती चौथी त्यांनी आठ महिन्यांत उभी केली. पुण्याच्या एका मोठ्या कलादालनाने त्यांचं एकटीचं प्रदर्शन ठरवलं ते या मूर्तीचा फोटो पाहूनच. पुस्तिका पुन्हा माझ्याकडे आली. दालनाला तीन वाक्यं चालणार नव्हती, त्यामुळे या वेळी मला मोकळं रान होतं. मी मूर्तीला 'प्रतीक्षा' असं नाव दिलं आणि अर्धं पान लिहिलं. आपा म्हणाल्या, "ती पारनेर गाडीची वाट बघते आहे, एवढं तरी घाला." मी घातलं नाही.

याच सुमाराला एका कंपनीच्या सामाजिक निधीतून जवळच्या गावातल्या बचतगटाच्या सतरा बायकांसाठी त्यांच्या शेडमध्ये शिबिर झालं. कंपनीचा फलक शेडच्या दारापेक्षा रुंद होता, त्यामुळे तो समोरच्या दोन बाभळींना बांधावा लागला. या बायकांना माती तुडवायला सांगावं लागलं नाही. घरं सारवून आलेले हात होते, संवादाचा प्रश्नच उद्भवला नाही. त्यांच्यात सुमन नावाची चाळिशीची एक बाई होती. घरी दोन गाई, रोज सकाळी डेअरीला दूध घालून मग ती शिबिराला यायची. तिने एक गाय केली. आतून पोकळ, पोटाला चांगली फुगलेली, मान वळवून मागे बघणारी. आपांनी ती फिरवून फिरवून पाहिली आणि "बरं" म्हणाल्या. उरलेल्या सोळा जणींनी एकमेकींकडे पाहिलं, कारण तोपर्यंत "बरं" कुणालाच मिळालेलं नव्हतं. मग आपांनी सुरीच्या टोकाने गाईच्या पोटाखाली एक भोक पाडलं आणि तिला सुकायला ठेवलं. पोकळ वस्तूला भोक लागतंच. आतली वाफ बाहेर जायला वाट हवी.

भट्टी भरताना कलादालनाच्या बाईंचा पुण्याहून फोन आला होता. मोठी मूर्ती एकटीच भाजा, तिच्याबरोबर शिकाऊ लोकांची कामं ठेवू नका. मीही तेच सुचवलं.

"एवढी लाकडं एकीसाठी जाळायची?" आपा म्हणाल्या. "भट्टी भरल्याशिवाय पेटवायची नाही. आणि त्या बायकांनी काय दोन महिने थांबायचं का?"

मधोमध बसलेली बाई आणि तिच्या दोन्ही बाजूंना, डोक्याच्या वरच्या अंगाला, आच सोसणाऱ्या मातीच्या जाड फळ्या टेकूंवर रचून सतरा जणींची कामं अशी भट्टी लागली. प्रत्येक वस्तू आपांच्या गालाला लागून आत गेली. गायही लागली आणि पोटामुळे शेजारी काही मावेना म्हणून एका फळीवर एकटीच बसली. बाहेरून ती ठणठणीत कोरडी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुस्तिकेचे छापील नमुने घेऊन गेलो. भट्टी पहाटे पेटवलेली होती आणि आपा बाहेर दगडावर बसून चहा पीत होत्या. दहाच्या सुमाराला भट्टीच्या आत ढप्प असा आवाज झाला. पोतं पडावं तसा. लगेच दुसरा, त्याहून जड. आपांनी पेला खाली ठेवला.

"काय झालं?" मी विचारलं.

"पहिलं काहीतरी लहान फुटलं. दुसरी फळी पडली."

"बंद करू या का?"

"आत सोळा जणींचं आहे अजून."

"आणि तुमचं?"

"फळी तिच्याच अंगावर पडली असणार. दुसरीकडे पडायला जागाच नाही." एवढं बोलून त्या उठल्या, बाभळीचं एक लाकूड उचललं आणि भट्टीच्या तोंडात सारलं. मग दीड दिवस त्या भट्टी व्यवस्थित चढवत आणि उतरवत राहिल्या, जिच्यात आपलं आता काही नाही हे त्यांना ठाऊक होतं. मी माझे नमुने पिशवीतून बाहेर काढले नाहीत.

चौथ्या दिवशी दाराच्या विटा काढल्या. सोळा जणींची कामं झकास भाजली होती. बसलेल्या बाईचं डोकं आणि डावा खांदा तुटून तिच्याच मांडीत पडला होता. आपांनी आधी सोळा वस्तू बाहेर काढून ओळीने मांडल्या. मग भट्टीच्या तळातून गाईचे तुकडे वेचले. पोटाचा तुकडा सापडला तो त्या बराच वेळ उन्हात धरून बघत होत्या. पाडलेलं भोक बाहेरून मातीने नीट बुजवलेलं होतं. वर अंगठ्याचा ठसा होता. म्हणजे आतली ओल आतच राहिली होती आणि गालाला ती कळायला मार्ग नव्हता.

बायका वस्तू न्यायला दुसऱ्या दिवशी येणार होत्या. कंपनीच्या तरुण अधिकारी बाई त्या सकाळी फोटोसाठी त्यांच्या आधीच येऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सुमनताईंना सगळं सांगायची गरज नाही. गाय फुटली एवढंच सांगू या. उगाच खचून जातील." मलाही ते पटलं.

"मग ती पुढच्या गाईचंही बुजवील," आपा म्हणाल्या.

बायका आल्या, आपापल्या वस्तू पदराने पुसून उलट्यापालट्या करू लागल्या. सुमन ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा जाऊन आली.

"आपा, माजी गाय न्हाई व्हय निघाली?"

"आत ये. बस."

आत भट्टीसमोर तुकडे होते आणि त्यांच्यामागे बिनडोक्याची बाई. आपांनी पोटाचा तुकडा सुमनच्या हातात दिला. "हे भोक मी पाडलं होतं. बुजवलं कुणी?"

"मीच की. तुमचं ऱ्हाऊन गेलं आसंल म्हनलं." सुमनला अजून काही लक्षात आलेलं नव्हतं. "गाभन हाय ती, आपा. आमच्या हरणीवानी. गाभन गाईच्या पोटाला कुटं भोक आसतंय? बघवंना मला. म्हून लिंपून टाकलं."

आपांनी तिला सांगितलं. कुकरची शिट्टी दाबून धरली तर काय होईल, तसं झालं. गाय फुटली, टेकू उडाला, फळी कलंडली. बोलताना त्यांनी आवाज चढवला नाही आणि उतरवलाही नाही. सुमनची नजर हळूहळू हातातल्या तुकड्यावरून बसलेल्या बाईकडे गेली.

"ह्ये माज्यानं झालं?"

"तुझ्या गाईनं. आणि मी उलटी करून बघितली नाही म्हणून. निम्मं निम्मं."

सुमन रडली असती तर आम्हा बघ्यांना काहीतरी करता आलं असतं. ती रडली नाही. मूर्तीचं मांडीतलं डोकं तिने दोन्ही हातांनी सरळ केलं, तोंड वर आलं तशी पदराने त्यावरची राख पुसली. मग पुन्हा तो पोटाचा तुकडा उचलून घेतला आणि उलटसुलट करत राहिली.

"पन आपा," ती म्हणाली, "पोटालाच का म्हून? गाईला देवानं मागं भोक दिल्यालं हायच की. त्येच उगडं ठिवायचं. जाईल की वाफ तिथनं."

अधिकारी बाई एकदम मोबाईलमध्ये बघू लागल्या. मला वाटलं, आता काहीतरी कडक येणार. पण आपांचे खांदे हलायला लागले. त्या हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या आणि चष्मा काढून चक्क पुसला.

"तीस वर्षं," त्या म्हणाल्या, "तीस वर्षं मी जनावरांच्या पोटाला भोकं पाडतेय." मग सुमनला म्हणाल्या, "उद्या ये. दुसरी कर."

"उद्या वैरन आनायची हाय. परवा येते."

पुण्याचं प्रदर्शन ठरल्या दिवशी झालं. पुस्तिका छापून झाली होती, ती बदलणं शक्य नव्हतं. मूर्तीसाठी मधोमध ठेवलेला उंच चौथरा हलवायला माणसं मिळाली नाहीत, म्हणून कलादालनाच्या बाईंनी त्यावर नेच्याची एक कुंडी ठेवली. प्रमुख पाहुणे फार मोठे होते आणि उशिरा आले. पुस्तिका त्यांनी गाडीत वाचली असावी. व्यासपीठावर चढल्यावर त्यांनी थेट 'प्रतीक्षा'लाच हात घातला. ही बसलेली स्त्री म्हणजे युगानुयुगं थांबलेलं भारतीय स्त्रीत्व, तिच्या मुद्रेवरचा तो अनादि संयम, मृण्मयातून चिन्मयाकडे वगैरे. ते बारा मिनिटं बोलले. बोलताना उजवा हात मागे करून ते वारंवार चौथऱ्याकडे निर्देश करत होते, पण स्वतः वळून बघत नव्हते. श्रोते बघत होते. नेचा पंख्याच्या वाऱ्यावर हलत होता. टाळ्या पडल्या. प्रत्येक वाक्य माझं होतं, त्यामुळे मला कुठे बघावं ते समजेना.

आपा शेजारच्या खुर्चीत शांत बसल्या होत्या. पाहुणे खाली उतरल्यावर माझ्याकडे झुकून म्हणाल्या, "चांगलं बोलले. तुमचंच होतं ना?"

दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्राने 'प्रतीक्षा' हे शिल्प प्रदर्शनाचं मुख्य आकर्षण ठरल्याचं छापलं. आपांनी ते कात्रण शेडमध्ये खिळ्याला अडकवलं. कुणी विचारलं तर सांगायच्या, "माझं सगळ्यात गाजलेलं काम. ते तिथे नव्हतं."

विनोद इथवरच होता. मनगटातली शेवटची बाई गेली होती आणि हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. चहाचा पेलाही त्या आता दोन्ही हातांनी धरत. प्रदर्शनानंतर काही महिने त्यांनी फक्त शिबिरं घेतली. मग एकदा मी गेलो तेव्हा शेडच्या मधोमध लाकडी पाटावर मातीच्या जाड वळ्या एकावर एक रचत सुमन गुडघ्यांवर बसली होती आणि आपा प्लास्टिकच्या खुर्चीत, हातात वेताची छडी घेऊन. मूर्ती कमरेपर्यंत आली होती. काम चालू असताना त्याला कुणाचं बोटही लागू न देणारी ही बाई. मी काही बोलणार तोच त्या म्हणाल्या, "मनगटं तिची. डोकं माझं. बघू काय होतं."

डोकंही पूर्ण त्यांचं राहिलं नाही. सुमन आठवड्यातून दोन दिवस, दूध घालून झालं की यायची आणि तिची स्वतःची मतं होती.

"आपा, एसटीची वाट बघनारी बाई आशी ताठ बसत न्हाई."

"मग कशी बसते?"

"पिशवी गुडग्याखाली दाबून बसती. न्हाईतर कुनी उचलून न्हेली म्हंजी? तुमी कदी बसलाय का पारनेरच्या स्ट्यांडावर?"

"तुझ्या जन्माआधीपासून बसलेय मी."

"बसला आसाल. तुमच्या पिशवीत काय न्हवतं मग."

आपा आठवडाभर फुरंगटून होत्या. पुढच्या खेपेला मी पाहिलं तर मूर्तीचा एक गुडघा उचललेला होता, त्याखाली पिशवी होती आणि सबंध अंग त्या बाजूला किंचित कललं होतं. पंधरा वर्षं बसलेली बाई माझ्या डोळ्यांदेखत पहिल्यांदाच नीट बसली. हे मी बोलून दाखवलं नाही. पुस्तिकेचं वाक्य झालं असतं.

या वेळचं बोलावणं मुंबईहून होतं. मूर्तीच्या पाटीवर दोन नावं हवीत असं आपांनी कळवलं, तर तिकडच्या लोकांनी विचारलं की सुमन या कोण, त्यांचं शिक्षण कुठे झालं. आपांनी कळवलं, "डेअरीत. दोन नावं नसतील तर मूर्ती येणार नाही." पाटीचा मजकूरही दिला. तो मी आजही पाठ म्हणू शकतो, कारण त्यात पाठ करण्यासारखं काही नाही: पारनेर गाडीची वाट बघणारी बाई. नसीम तांबोळी, सुमन. माती, पारनेर तालुका.

सहा महिने सुकवून ती भट्टीत गेली आणि भट्टी पुन्हा भरलेली होती. जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या शिक्षकांचं शिबिर झालं होतं, त्यांचे हत्ती आणि फुलदाण्या दोन्ही बाजूंना होत्या. मी या वेळी काही सुचवलं नाही. फक्त मांडणी पाहिली. सुमन एकेक हत्ती उलटा करून त्याची मागची बाजू तपासत होती आणि शिक्षक मंडळी दुसरीकडे बघत होती.

भट्टी उघडली त्या दिवशी बाई सबंध निघाली. टाचेपाशी केसाएवढी एक चीर होती. आपांनी तिच्या मानेवरून हात फिरवला, खांद्यावरून खाली पिशवीपर्यंत नेला आणि "बरं" म्हणाल्या. सुमन म्हणाली, "बरंच हाय की वो!" आणि मोठ्याने हसली.

मुंबईचं प्रदर्शन तीन आठवडे चाललं. आपा बहिणीकडे उतरल्या होत्या. प्रदर्शन संपायच्या आठवड्यात त्यांना ताप आला, तो छातीत उतरला आणि दवाखान्यात चौथ्या दिवशी त्या गेल्या. दफन तिथेच झालं. इथे नगरला शोकसभा झाली आणि शोकप्रस्ताव लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी तीन ओळी लिहिल्या. आयोजकांना त्या अपुऱ्या वाटल्या. त्यांनी वर एक परिच्छेद स्वतः जोडला.

मला त्या शेवटच्या दिसल्या त्या मुंबईला निघताना. सकाळी आठची वेळ. टेम्पोत कडबा पसरून त्यावर दोन गाद्या टाकल्या होत्या आणि चार माणसांनी मिळून मूर्ती वर चढवली होती. दोऱ्या बांधायला आपांनी साफ नकार दिला. दोरी काचते म्हणाल्या. ड्रायव्हरने पुढच्या सीटवर त्यांच्यासाठी टॉवेल अंथरला होता. त्या मागे चढून मूर्तीच्या शेजारी बसल्या.

ड्रायव्हर म्हणाला, "आपा, लई गचके बसत्यात मागं. पुढं या."

"गचके बसतात म्हणूनच बसलेय. तू हळू चालव."

मी म्हणालो, "मी येऊ का सोबत?"

"कशाला? भाषण करायला?"

सुमनने फडक्यात बांधलेल्या भाकरी वर दिल्या आणि घाट उतरताना सांभाळा, तिथं पोचल्यावर फोन करा, असं दोनदा सांगितलं. टेम्पो शेडच्या आवारातून बाहेर पडला. तिथून डांबरी रस्त्याला लागेपर्यंत नुसते खड्डे. पहिल्याच खड्ड्याला आपा मूर्तीकडे सरकल्या, एक हात तिच्या कमरेला घातला आणि दुसऱ्या हाताचा तळवा तिच्या मानेला लावला. मागच्या खेपेला जिथे तुटलं होतं, बरोबर तिथे. त्या मनगटांनी किती भार पेलला असता कोण जाणे. फाट्याकडे वळेपर्यंत आम्ही दोघं बघत होतो. सुमनने हात हलवला. आपांचे दोन्ही हात गुंतलेले होते, त्यामुळे त्यांनी हलवला नाही. मोकळे असते तरी हलवला नसता.